स्पॉट इन्स्टन्स घेताना: एडब्ल्यूएसच्या मुंबई रिजनमध्ये स्वस्त सर्व्हर कसा घ्यावा आणि तो मध्येच गेला तर काय करावं

एसटीत आरक्षणाची सीट रिकामी असली की कंडक्टर बसू देतो. पुढच्या थांब्यावर आरक्षणवाला चढला की उठायचं. स्पॉट इन्स्टन्सचा व्यवहार असाच आहे. डेटा सेंटरमध्ये जी मशीनं त्या घडीला कुणी पूर्ण दराने घेतलेली नाहीत, ती कंपनी मोठ्या सवलतीत देते आणि गरज पडली की परत मागते. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेवर, ही सवलत ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि उठायला २ मिनिटं मिळतात.

म्हणून दर बघण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे मशीन २ मिनिटांत गेलं तर काय बिघडेल? 'फारसं काही नाही' असं उत्तर असेल तर स्पॉट घ्या. 'ग्राहकांच्या ऑर्डरी अडकतील' असं असेल तर पूर्ण दराचं मशीन घ्या. आणि 'बघावं लागेल' असं असेल तर ते आधी बघा, खरेदी नंतर करा.

स्पॉटवर चालणारी कामं म्हणजे व्हिडिओचं रूपांतर, रात्रीचे अहवाल, सॉफ्टवेअरच्या चाचण्या, मॉडेल शिकवणं, आणि लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी सेवा) उभे असलेले एकसारखे वेब सर्व्हर. डेटाबेस स्पॉटवर ठेवू नये. एकुलत्या एका सर्व्हरवर चालणारी वेबसाइटही नाही. छोट्या साइटसाठी तर ईसीटूच्या (एडब्ल्यूएसची तासावर मशीन देणारी सेवा) वाटेला न जाता एडब्ल्यूएसचंच लाइटसेल किंवा डिजिटलओशनचं बंगळुरूतलं महिन्याला ठरावीक दराचं मशीन घेतलेलं बरं. फक्त लाइटसेलच्या मुंबईतल्या प्लॅनमध्ये डेटा ट्रान्सफरचा कोटा इतर बहुतेक ठिकाणांच्या निम्मा असतो, हे लक्षात ठेवा.

खातं, जीएसटी आणि कार्ड

भारतातला पत्ता देऊन खातं उघडलं की बिल एडब्ल्यूएसच्या भारतीय कंपनीकडून रुपयांत येतं. दरपत्रक मात्र डॉलरमध्ये असतं, आणि बिलावर १८ टक्के जीएसटी चढतो. धंद्यासाठी घेत असाल तर टॅक्स सेटिंग्जमध्ये जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी भरा. पहिलं बिल निघून गेल्यावर भरला तर त्या बिलाचं इनपुट क्रेडिट मिळवायला खेटे घालावे लागतात.

कार्डाची तपासणी २ रुपये कापून होते. पुढे रिझर्व्ह बँकेचा नियम आडवा येतो: आपोआप कापले जाणारे पैसे १५,००० रुपयांपर्यंतच ओटीपीशिवाय जातात. बिल त्यावर गेलं तर कन्सोलमध्ये जाऊन हाताने भरावं लागतं. ईमेल बघितली नाही तर खातं थकबाकीत जातं. म्हणून खात्याचा ईमेल कुणा एकाचा वैयक्तिक नको, ऑफिसात रोज उघडला जाणारा हवा.

रूट लॉगिनला (खात्याच्या मालकाचं मूळ लॉगिन) दुहेरी पडताळणी लावा आणि रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता बनवा. यात ५ मिनिटं जातात. चोरलेल्या किल्लीवर कुणीतरी रात्रभर क्रिप्टो खणत बसला तर निस्तरायला महिने जातात. त्याच बैठकीत बजेटचा इशाराही लावा, ठरवलेल्या रकमेच्या ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर. हा इशारा फक्त कळवतो, मशीन बंद करत नाही. शिवाय खर्चाचे आकडे काही तास उशिरा येतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर मोठं काम सोडून झोपू नका.

१५ जुलै २०२५ नंतर उघडलेल्या नव्या खात्यांना सुरुवातीला १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, आणि काही ठरावीक गोष्टी करून पाहिल्या की आणखी १०० डॉलरपर्यंत. जुन्या लेखांमध्ये '१२ महिने, महिन्याला ७५० तास फुकट' असं वाचलं असेल, तर ती योजना त्या तारखेआधीच्या खात्यांची.

रिजन आणि झोन

रिजन म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट. मुंबई रिजन २०१६ पासून आहे, हैदराबाद नोव्हेंबर २०२२ पासून. वापरणारे महाराष्ट्रात असतील तर मुंबई. पण काम रात्रीच्या प्रक्रियेचं असेल आणि समोर कुणी वाट बघत बसलेलं नसेल तर अमेरिकेतले उत्तर व्हर्जिनिया किंवा ओरेगॉन रिजन तपासा. तिथे मशीनं जास्त, प्रकार जास्त आणि दरही बऱ्याचदा कमी. मात्र डेटा मुंबईत आणि मशीन व्हर्जिनियात असा संसार करू नका. तिकडे डेटा नेण्याचं भाडं सवलत खाऊन टाकतं.

एका रिजनमध्ये अनेक झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटरं, असतात आणि स्पॉटचा दर झोनगणिक वेगळा असतो. झोनच्या नावातली ए, बी, सी ही अक्षरं मात्र फसवी असतात. तुमच्या खात्यातला 'ए' झोन दुसऱ्याच्या खात्यात 'बी' असू शकतो. दोन खात्यांमध्ये ताळमेळ घालायचा असेल तर अक्षरावर न जाता झोन आयडी बघा.

मशीनचा आकार

नावाचं पहिलं अक्षर कामाचा प्रकार सांगतं. 'सी' घराण्यात दर व्हीसीपीयूमागे (प्रोसेसर मोजण्याचं एकक) २ जीबी मेमरी, 'एम'मध्ये ४ आणि 'आर'मध्ये ८. एम७आय.लार्ज म्हणजे २ व्हीसीपीयू आणि ८ जीबी. आकड्यानंतर 'जी' असेल तर प्रोसेसर ग्रॅव्हिटॉन, म्हणजे आर्म जातीचा. दर कमी असतो, पण इंटेलसाठी बांधलेली प्रतिमा (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल) त्यावर टाकली की प्रोग्राम सुरूच होत नाही, 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. कंटेनर (अशा प्रतिमेतून चालणारा प्रोग्राम) दोन्ही जातींसाठी बांधलेला असेल तरच 'जी' यादीत घ्या.

'टी' घराणं स्वस्त दिसतं. टी३.मीडियमला २ व्हीसीपीयू आणि ४ जीबी आहेत खरे, पण प्रत्येक व्हीसीपीयूचा हक्काचा वापर फक्त २० टक्के. त्यावर गेलं की कमी वापराच्या वेळी साठलेली क्रेडिट (प्रोसेसर वापराची, पैशांची नव्हे) खर्च होतात. टी३ मुळातच 'अनलिमिटेड' पद्धतीत सुरू होतं, म्हणजे क्रेडिट संपल्यावर मशीन मंदावत नाही, जादा वापराचं वेगळं बिल लागतं: लिनक्सवर दर व्हीसीपीयू-तासाला ५ सेंट. तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालणारं काम टी३ स्पॉटवर टाकलं तर सवलत एका हाताने मिळते आणि दुसऱ्या हाताने जाते. अशा कामाला 'सी' किंवा 'एम'च घ्या.

कोटा आधी मागून ठेवा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. स्पॉटचा कोटा पूर्ण दराच्या मशीनच्या कोट्यापेक्षा वेगळा असतो, आणि दोन्ही मशीनच्या संख्येत नाही तर व्हीसीपीयूत मोजतात. नव्या खात्यावर तो लहान असतो. ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनसाठी तर बऱ्याचदा शून्य. जी४डीएन.एक्सलार्ज या टी४ कार्डाच्या मशीनला ४ व्हीसीपीयू लागतात, म्हणजे 'जी आणि व्हीटी' गटाच्या स्पॉट कोट्यात निदान ४ हवेत. दोन मशीनं एकाच वेळी हवी असतील तर ८.

सर्व्हिस कोटाजमध्ये जाऊन, बरोबर तोच रिजन निवडून मागणी करा. छोटी वाढ पटकन मिळते, ग्राफिक्सची मागणी माणूस तपासतो. मदत केंद्राने कारण विचारलं तर नेमकं लिहा: कोणतं काम, किती मशीनं, दिवसाला किती तास. एकदम १०० मागणाऱ्याला नकार येतो, ८ मागणाऱ्याला सहसा मिळतात.

'मॅक्स स्पॉट इन्स्टन्स काउंट एक्सीडेड' ही चूक आली तर कोटा संपलाय. 'इनसफिशिअंट इन्स्टन्स कपॅसिटी' आली तर कोटा आहे, पण त्या झोनमध्ये त्या प्रकारचं मशीनच शिल्लक नाही. दुसऱ्या चुकीवर कोटा वाढवून मागण्यात अर्थ नाही. प्रकार किंवा झोन बदला.

सवलतीचा खरा हिशेब

सूट फक्त मशीनच्या तासांवर असते. डिस्क, पब्लिक आयपी आणि बाहेर जाणारा डेटा यांना पूर्ण दर लागतो. एक उदाहरण मांडू. हिशेब सोपा जावा म्हणून मशीनचा पूर्ण दर तासाला १० सेंट धरला, स्पॉटची सूट ६५ टक्के आणि डॉलर ९० रुपयांचा.

महिन्याचे ७३० तास म्हणजे पूर्ण दराने ७३ डॉलर, स्पॉटने २५.५५. मुंबईत १०० जीबी जीपी३ (एडब्ल्यूएसची नेहमीची एसएसडी) डिस्क ०.०९१२ डॉलर दराने ९.१२ डॉलर. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट, म्हणजे ३.६५ डॉलर. बाहेर ३०० जीबी गेलं तर पहिले १०० फुकट, उरलेले २०० जीबी ०.१०९३ दराने २१.८६ डॉलर. बेरीज पूर्ण दराने १०७.६३ आणि स्पॉटने ६०.१८. जीएसटी धरून रुपयांत ११,४३० विरुद्ध ६,३९१. जाहिरातीतली ६५ टक्के सूट बिलावर येईपर्यंत ४४ टक्के उरली.

जिथे डेटा फार बाहेर जातो तिथे स्पॉटच्या मागे लागण्यापेक्षा आधी डेटा कमी करणं फायद्याचं. दोन झोनमधल्या देवाणघेवाणीलाही दोन्ही बाजूंनी जीबीमागे १-१ सेंट लागतो. नॅट गेटवे (पब्लिक आयपी नसलेल्या मशीनांना इंटरनेटची वाट देणारा) तर तासाचंही भाडं घेतो आणि जीबीचंही. एसथ्रीशी (एडब्ल्यूएसची फायली साठवण्याची सेवा) बोलण्यासाठी गेटवे एंडपॉइंट लावला तर तो फुकट आहे, आणि एसथ्रीचा डेटा नॅटमधून जात नाही. एवढी एक गोष्ट केली तरी कित्येक बिलं खाली येतात.

वर्षभर चोवीस तास चालणारं मशीन असेल तर स्पॉटऐवजी सेव्हिंग्ज प्लॅन बघा. १ किंवा ३ वर्षांचा करार, तासाला अमुक डॉलर वापरण्याची हमी. ईसीटू प्रकारात सूट ७२ टक्क्यांपर्यंत, कॉम्प्यूट प्रकारात ६६ पर्यंत. मोठी टोकं ३ वर्षांच्या करारावर मिळतात. वापरलं नाही तरी हमीची रक्कम द्यावीच लागते, त्यामुळे ३० टक्के सूट असेल तर मशीन निदान ७० टक्के वेळ चालायला हवं, नाहीतर तोटा. स्पॉटच्या तासांना हा प्लॅन लागू होत नाही. म्हणून आधी प्लॅन घेऊन नंतर सगळं स्पॉटवर हलवलं तर दोन्हीकडून पैसे जातात.

दर आणि उपलब्धता कशी वाचायची

स्पॉटमध्ये २०१७ च्या अखेरीपर्यंत खरोखर बोली लावावी लागे. आता तसं नाही. दर हळूहळू बदलतात आणि कमाल दर सांगणं ऐच्छिक आहे. तो रकाना रिकामा सोडा. रिकामा सोडला तर कमाल मर्यादा पूर्ण दराची असते, त्याहून जास्त कधीच लागत नाही. हुशारी करून कमी आकडा टाकला तर दर थोडा वर सरकला तरी मशीन जातं, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी.

तीन गोष्टी पाहायच्या. कन्सोलमधल्या 'स्पॉट रिक्वेस्ट्स'खाली ९० दिवसांचा दर झोनवार दिसतो. आलेख सपाट आहे की डोंगराळ, एवढंच बघा. 'स्पॉट इन्स्टन्स अ‍ॅडव्हायझर'मध्ये प्रत्येक प्रकारामागे मशीन परत घेतल्याचं प्रमाण असतं: ५ टक्क्यांहून कमी, ५ ते १०, असं करत २० टक्क्यांहून जास्त. हे मागच्या महिन्याचं चित्र आहे, हमी नव्हे. आणि 'प्लेसमेंट स्कोर'. तुम्हाला किती मशीनं आणि कोणते प्रकार हवेत हे सांगितलं की रिजन किंवा झोनला १ ते १० गुण मिळतात. १० आले म्हणजे मिळण्याची शक्यता दांडगी.

८० टक्के सूट आणि २० टक्क्यांहून जास्त वेळा परत घेतलं जाणारं मशीन, की ६० टक्के सूट आणि ५ टक्क्यांहून कमी? लांब चालणाऱ्या कामाला दुसरं घ्या. पुन्हा सुरू होण्यात जाणारा वेळही पैशातच मोजावा लागतो.

खरेदीची पायरी

१. लाँच टेम्प्लेट, म्हणजे मशीनच्या सेटिंग्जचा साचा, बनवा. त्यात मशीनची प्रतिमा (एएमआय), की पेअर (लॉगिनची किल्ली), सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉलचे नियम), जीपी३ डिस्क आणि आयएएम रोल (मशीनला दिलेले अधिकार) घाला. एसएसएच (दुरून लॉगिन करण्याचं) पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. मेटाडेटाची (मशीनला स्वतःबद्दल माहिती देणारी सेवा) दुसरी आवृत्ती सक्तीची करा. कंटेनरमधून मेटाडेटा वाचायचा असेल तर हॉप मर्यादा (उत्तर किती टप्पे पार करू शकतं) १ ची २ करा, नाहीतर कंटेनरला टोकन मिळत नाही आणि परत घेण्याची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

२. टेम्प्लेटमध्ये स्पॉटचा पर्याय टाकू नका. तो पुढच्या पायरीला ग्रुपमध्ये ठरतो.

३. ऑटो स्केलिंग ग्रुप (मशीनांची ठरलेली संख्या आपोआप राखणारा) बनवून टेम्प्लेट जोडा आणि एकाऐवजी निदान ६ ते १० प्रकार द्या. ८ जीबी चालत असेल तर एम५, एम५ए, एम६आय, एम६ए, एम७आय यांचे लार्ज आकार, आणि जरा महाग पडले तरी आर घराण्यातले एक-दोन. सगळे झोन निवडा. एका झोनमधला एकच प्रकार मागणं ही स्पॉट अपयशी होण्याची सगळ्यात मोठी वाट आहे.

४. वाटपाचं धोरण 'प्राइस कपॅसिटी ऑप्टिमाइज्ड' ठेवा. ते आधी भरपूर शिल्लक असलेले साठे (एका झोनमधली एका प्रकारची मशीनं) शोधतं, मग त्यातला स्वस्त निवडतं. कन्सोलऐवजी एपीआयने (प्रोग्राममधून) ग्रुप बनवून धोरण सांगितलंच नाही, तर 'सर्वांत कमी दर' हे धोरण लागतं. ते नेमकं सगळ्यांनी झुंबड केलेल्या साठ्यात नेऊन बसवतं.

५. पूर्ण दराच्या मशीनांची पायाभूत संख्या आणि त्यावरचं प्रमाण ठरवा. वेब सर्व्हरसाठी पायाला २, वर २५ टक्के पूर्ण दराचे आणि ७५ टक्के स्पॉट ही बरी सुरुवात. रात्रीच्या प्रक्रियेला पाया आणि पूर्ण दराचं प्रमाण दोन्ही शून्य. एपीआयने करताना हे प्रमाण लिहायला विसरलात तर ते १०० टक्के पूर्ण दर असं धरलं जातं. सगळं सुरळीत चालतं, स्पॉट घेतल्याचं समाधानही असतं, आणि महिनाअखेरीला बिल पूर्ण दराचं येतं.

६. 'कपॅसिटी रीबॅलन्सिंग' सुरू करा. मशीन जाण्याचा धोका वाढला की एडब्ल्यूएस आगाऊ इशारा देतं. हा पर्याय चालू असेल तर ग्रुप जुनं जाण्याआधी नवं मशीन उभं करतो. इशारा २ मिनिटांच्या सूचनेच्या बराच आधी येऊ शकतो, कधी कधी तिच्याबरोबरच येतो.

नुसतं एक मशीन दोन तास हवं असेल तर एवढा घाट नको. 'लाँच इन्स्टन्स'च्या पानावर अ‍ॅडव्हान्स्ड भागात स्पॉट निवडा, प्रकार 'वन-टाइम' ठेवा आणि सुरू करा.

२ मिनिटांत काय करायचं

मशीनच्या आतून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मेटाडेटा मिळतो. त्यातल्या 'स्पॉट' भागातला 'इन्स्टन्स-अ‍ॅक्शन' हा रकाना दर ५ सेकंदांनी वाचायचा. एरवी ४०४ येतं. ज्या क्षणी उत्तरात वेळ आणि 'टर्मिनेट' दिसेल त्या क्षणी घड्याळ सुरू. हीच घटना इव्हेंटब्रिजवरही (एडब्ल्यूएसची घटना कळवणारी सेवा) येते, पण मशीनच्या आतलं आवरायला मेटाडेटाच बरा. सूचना क्वचित उशिरा येते किंवा येतच नाही, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर नको.

या २ मिनिटांना ठिकठिकाणी आधीपासूनच गळती लागलेली असते. लोड बॅलन्सरच्या टार्गेट ग्रुपचा डीरजिस्ट्रेशन डिले (काढलेल्या मशीनच्या चालू विनंत्या संपायला दिलेला वेळ) मुळात ३०० सेकंद असतो. तुमच्याकडे आहेत १२०. तो ६० ते ९० वर आणा, नाहीतर मशीन गेल्यावरही वापरणाऱ्यांच्या विनंत्या अर्धवट तुटतात. उलट डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) कंटेनर थांबवताना फक्त १० सेकंद देतो आणि मग प्रोग्राम मारतो. तिथे ते वाढवा. कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनांवरचे कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) हाच आकडा ३० सेकंदांचा. तुमचा प्रोग्राम थांबण्याचा इशारा ऐकून हातातलं काम पूर्ण करून बाहेर पडतो का, हे तपासून ठेवा. शेल स्क्रिप्टमधून सुरू केलेला प्रोग्राम अनेकदा ऐकतच नाही, कारण इशारा शेलपाशीच अडकतो.

डिस्कचा वेगही मोजा. जीपी३चा मूळ वेग सेकंदाला १२५ एमबी, म्हणजे २ मिनिटांत कागदावर १५ जीबी. प्रत्यक्षात निम्मं धरा. ४० जीबीचं मॉडेल सूचना आल्यावर साठवायला घेतलं तर ते होणार नाही. म्हणून चालू कामाची स्थिती ठरावीक अंतराने साठवत राहणं हाच उपाय.

ते अंतर किती ठेवायचं? साठवायला लागणारा वेळ आणि मशीन दोनदा परत घेतलं जाण्यामधला सरासरी वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करा आणि तिचं वर्गमूळ काढा. साठवायला १ मिनिट लागत असेल आणि मशीन सरासरी ८ तासांनी जात असेल, तर २ गुणिले १ गुणिले ४८०, म्हणजे ९६०. त्याचं वर्गमूळ सुमारे ३१. दर अर्ध्या तासाने साठवा.

२० तासांचं काम घ्या. दर अर्ध्या तासाने १ मिनिट साठवण्यात, म्हणजे ४० मिनिटं. तीनदा मशीन गेलं, प्रत्येक वेळी सरासरी १५ मिनिटांचं काम वाया आणि १० मिनिटं नवं मशीन तयार होण्यात, म्हणजे ७५ मिनिटं. एकूण साधारण २२ तास. वरच्या उदाहरणातल्या साडेतीन सेंट दराने ७७ सेंट, पूर्ण दराने २ डॉलर लागले असते. काहीच न साठवता दोनदा अठराव्या तासाला मशीन गेलं, तर ५६ तास आणि १.९६ डॉलर. पैसे पूर्ण दराएवढेच गेले, आणि दीड दिवस उशीर वर.

साठवण एसथ्रीत करा, मशीनच्या डिस्कवर नको. ईबीएस डिस्क (जीपी३ही त्यातलीच) एका झोनला बांधलेली असते. नवं मशीन दुसऱ्या झोनमध्ये उभं राहिलं तर जुनी डिस्क त्याला जोडताच येत नाही. मशीनच्या आतली एनव्हीएमई डिस्क तर मशीनबरोबरच जाते, ती फक्त कच्च्या कामासाठी. शेवटच्या दोन-तीन प्रती ठेवा. एसथ्रीत अर्धवट अपलोड झालेले मोठ्या फायलींचे तुकडे यादीत दिसत नाहीत पण जागेचं भाडं खात राहतात. ७ दिवसांनी ते पुसण्याचा लाइफसायकल नियम बकेटवर लावा.

छोट्या छोट्या कामांची रांग असेल तर साठवण्याची भानगडच नाही. एसक्यूएसमधून (एडब्ल्यूएसची रांगेची सेवा) एक काम उचला, पूर्ण करा, मगच रांगेतून पुसा. व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेलं काम इतर मशीनांपासून लपून राहण्याचा वेळ) मुळात ३० सेकंद असतो. काम ५ मिनिटांचं असेल तर तो ६-७ मिनिटं करा, नाहीतर तेच काम दोन मशीनं करत बसतील. शिवाय एकच काम दोनदा झालं तरी बिघाड होणार नाही अशी लिहिण्याची पद्धत ठेवा, कारण कधीतरी ते होतंच.

तालीम करून बघा. 'स्पॉट रिक्वेस्ट्स'मध्ये मशीन निवडून मुद्दाम खंड पाडण्याची सोय आहे. ती फॉल्ट इंजेक्शन सेवेतून खरी सूचना पाठवते. काम चालू असताना दुपारी तीन वाजता हे करा. पहाटे तीनला ते आपोआप होणारच आहे.

मध्येच थांबवणं, झोपवणं आणि पैसे

मशीन परत घेतलं जाताना तीन पर्याय असतात: कायमचं बंद, थांबवणं किंवा हायबरनेट (मेमरी डिस्कवर साठवून झोपवणं). शेवटचे दोन कायमस्वरूपी ('पर्सिस्टंट') मागणीवरच चालतात, म्हणजे मशीन गेलं तरी जी मागणी उभी राहते तिच्यावर. थांबवलेल्या मशीनचे तास लागत नाहीत, डिस्कचं भाडं मात्र चालू राहतं. हायबरनेटमध्ये २ मिनिटं मिळत नाहीत, सूचना येताच झोपवायला सुरुवात होते.

उबंटू किंवा अ‍ॅमेझॉन लिनक्ससारख्या साध्या लिनक्सवर बिल सेकंदावर, किमान ६० सेकंद. पहिल्या तासाच्या आत एडब्ल्यूएसने मशीन परत घेतलं तर त्या वेळेचे पैसे लागत नाहीत. तुम्ही स्वतः बंद केलं तर वापरलेल्या सेकंदांचे लागतात.

१ ते ६ तासांची हमी देणारे 'स्पॉट ब्लॉक' जुन्या लेखांत सापडतील. ते २०२२ अखेर बंद झाले, शोधत बसू नका.

अझुर आणि गूगल

तत्त्व तेच, वेळ कमी. दोन्हीकडे सूचना साधारण ३० सेकंदांची, त्यामुळे वरचे सगळे आकडे आणखी आवळावे लागतात. अझुरचं 'सेंट्रल इंडिया' म्हणजे आपलं पुणे. तिथे कमाल दर उणे १ ठेवला की दरासाठी मशीन जात नाही, फक्त जागेसाठी जातं. बी मालिकेतली मशीनं स्पॉटमध्ये मिळत नाहीत. गेलेलं मशीन 'डीअलोकेट' होईल असं ठेवलं तर डिस्कचं भाडं चालू राहतं आणि कोटाही अडून राहतो. गूगलकडे मुंबई आणि दिल्ली असे दोन रिजन आहेत. तिथल्या जुन्या 'प्रीएम्प्टिबल' मशीनांना २४ तासांची मर्यादा असे, आताच्या स्पॉट मशीनांना ती नाही.

आवरताना क्रम चुकवू नका

ऑटो स्केलिंग ग्रुपमधलं मशीन नुसतं बंद केलं तर ग्रुप इमानाने दुसरं उभं करतो. आधी ग्रुपची अपेक्षित आणि किमान संख्या शून्यावर आणा किंवा ग्रुपच काढा. कायमस्वरूपी स्पॉट मागणीचंही तसंच: आधी मागणी रद्द करा, मग मशीन बंद करा. उलट केलंत तर जुनी मागणी नवं मशीन घेऊन येते. आणि नुसती मागणी रद्द केली तर चालू मशीन चालूच राहतं.

मशीनची मूळ डिस्क मशीनबरोबर पुसली जाते, पण नंतर जोडलेल्या डिस्क सहसा मागे राहतात. 'व्हॉल्यूम्स'मध्ये 'अव्हेलेबल' स्थितीत जे दिसेल ते अनाथ आहे. इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेला पब्लिक आयपी), स्नॅपशॉट (डिस्कची प्रत), नॅट गेटवे आणि लोड बॅलन्सर वेगवेगळ्या पानांवर असतात, प्रत्येक पान उघडून बघा. दुसऱ्या रिजनमध्ये काही करून पाहिलं असेल तर तिथेही. दुसऱ्या दिवशी कॉस्ट एक्सप्लोररमध्ये 'ईसीटू-अदर' हा रकाना उघडा. तिथे अजून रक्कम वाढत असेल तर एखादी डिस्क, स्नॅपशॉट किंवा नॅट कुठेतरी राहिलेला आहे.